बांधावरची ओल

आमच्या सासऱ्यांचं ओलीशी जन्माचं वैर. न्हाणीघरातून बाहेर पडले की हातात फडकं घेऊन स्वतःच्याच पावलांचे ठसे पुसत यायचे. ओट्यावर चार थेंब दिसले की, "सूनबाई, तळं झालंय." मी म्हणायचे, "मग सोडा होडी." हसायचे नाहीत. फडकं आणून द्यायचे.

असा माणूस खाणीच्या बांधावर राखणदार होता. खाणीतला दगड कारखान्यात दळतात, त्यातलं तांबं काढून घेतात आणि उरलेला पातळ, राखाडी गाळ नळानं एका मोठ्या तळ्यात सोडतात. ते तळं अडवायला मातीचा बांध, आणि बांधाच्या पायथ्याशी आमची वसाहत. स्वयंपाकघराच्या खिडकीतून आकाश कमी आणि बांधच जास्त दिसतो. सवयीनं आम्हाला तो डोंगरच वाटायचा.

सासरे रोज बांधाची चक्कर मारत. घुशींची बिळं शोधायची, उतारावर रुजलेली रोपटी उपटायची, कारण मुळांच्या वाटेनं पाणी शिरतं. भेग किंवा ओल दिसली तर इंजिनियरबाईंना कळवायचं. नेमकं हे शेवटचं काम त्यांच्या हातून एकदाच राहिलं, आणि राहिलं तेही अगदी मुहूर्त साधून.

निवृत्ती तोंडावर आली होती. सुरक्षा समिती पाहणीला येणार होती. आदल्या दिवशी उताराच्या खालच्या अंगाला सासऱ्यांना ओल दिसली, ताटाएवढी. पाहुणे यायच्या वेळी अंगणात सांडलवंड दिसावी तसं त्यांना झालं. कळवायचं सोडून त्यांनी चिकणमाती आणली, धुम्मसानं ठोकठोक ठोकून बसवली, वर हिरवळीचे तुकडे लावले आणि हात धुऊन घरी आले. दुसऱ्या दिवशी समितीचे प्रमुख म्हणाले, "बांध असावा तर असा! निरोपाच्या दिवशी तुमचा जाहीर सत्कार आमच्यातर्फे." त्या रात्रीपासून सासरे सत्काराच्या शर्टाला स्वतः इस्त्री करायला लागले. सत्काराला अजून अवकाश होता, पण शर्ट रोज इस्त्री व्हायचा.

असाच उद्योग त्यांनी घरातही केला होता. न्हाणीघराच्या भिंतीला ओल आली म्हणून वर सिमेंटचा गिलावा फासला. भिंत कशी छान कोरडी! पुढे एक दिवस मी माझं कपाट उघडलं तर मागची भिंत ओलीचिंब, कपड्यांना बुरशी. माझं डोकं फिरलं. म्हटलं, "बाबा, तुम्ही भिंतीचं तोंड बांधलंत, पाण्याचे पाय नाही बांधलेत. ते आता माझ्या कपाटात राहायला आलंय!"

"बघू, उद्या बघू," म्हणाले.

त्याच संध्याकाळी जेवताना माझा नवरा सहज बोलून गेला. तो इंजिनियरबाईंच्या हाताखालीच काम करतो. "बांधात पाणी मोजायला नळ्या पुरल्यात ना, त्यांत पाणी चढतंय. पाऊस नाही, तळंही वाढलेलं नाही. बाई चक्रावल्यात. नळ्याच बिघडल्या असतील म्हणतात सगळे."

सासऱ्यांचा घास हातातच राहिला. त्यांनी माझ्या कपाटाकडे पाहिलं. मग उठले, हात धुतले आणि ते न पुसताच चपला घालून निघाले. ओल्या हातांनी ते दाराबाहेर पडले, हे मी पहिल्यांदाच पाहत होते. नवरा मागोमाग धावला. पुढचं त्याच्याकडून कळलं.

बाईंच्या दारातच सासरे म्हणाले, "उतारावर ओल होती. मी बुजवली."

"बुजवली?" बाईंचा आवाज चढला. "अहो, पाणी बाहेर येत होतं तोवर बांधाच्या पोटातला दाब उतरत होता! सांगितलं असतंत तर वाळू-खडीचा थर दिला असता. पाणी गेलं असतं, माती राहिली असती. तुम्ही तर तोंडात बोळाच कोंबलात!"

मान खाली घालून सासरे एवढंच म्हणाले, "वसाहत आधी रिकामी करा."

आम्ही सगळे शाळेच्या वर्गांत जाऊन राहिलो. तळ्यातलं पाणी पंपानं उतरवलं, वाळू-खडी तयार ठेवली आणि मग जपून ती चिकणमाती काढली. आतून पाणी आलं ते गढूळ. म्हणजे बांध आतल्या आत धुपत होता. माझी पोरगी त्या बांधाखाली झोपत होती, आणि बाबांना शर्टाची इस्त्री पडली होती! खोटं कशाला बोलू, मला त्यांचा भयंकर राग आला. घरी परतल्यावरही मी त्यांच्याशी बोलणं टाकलं. ताट वाढायचे, तोंड उघडायचे नाही.

सत्कार अर्थातच रद्द झाला. बांधावरून त्यांना काढून फाटकावर बसवलं. वाळू-खडीच्या थरातून आता एक नळ काढलाय, त्यातून पाणी सतत ठिबकतं. बाईंनी सगळ्यांना बजावलं होतं, ठिबकू दे, फक्त गढूळ होतंय का ते बघत राहा.

निरोपाच्या दिवशी सासरे फाटकाच्या किल्ल्या देऊन आले. हार नाही, भाषण नाही. घरातला चांगल्यातला काचेचा ग्लास उचलला आणि पुन्हा बाहेर, बांधाकडे गेले. परत आले ते दोन्ही हातांनी भरलेला ग्लास धरून. वाटभर फरशीवर थेंब पडत होते. त्यांनी खाली पाहिलंसुद्धा नाही.

"सूनबाई, माझी नजर आता धड नाही. गढूळ आहे का गं?"

मी ग्लास खिडकीशी धरला. पलीकडे बांध होता.

"नितळ आहे, बाबा."

"नीट बघ."

"बघितलं. अगदी नितळ आहे."

ते पाटावर टेकले. डोळे पुसले, आणि म्हणाले, "मग वाढ."