मुलाम्याची गोळी

ऑर्वलनं जर्दाळूच्या सारणाची गोड कोलाची पेस्ट्री तोंडाशी नेली, तोच जनेलनं ती काढून घेतली आणि ओटमीलचा वाडगा पुढे सरकवला.

"साखर वाढलीय, बाबा."

"तुझ्या बोलण्यात तर दिसत नाही!"

जनेल हसली. तिच्या कमरेचा किल्ल्यांचा जुडगा वाजला, आणि त्याची नजर तिकडे गेलीच. त्यात गॅरेजमधल्या कपाटाची किल्ली होती. सप्टेंबरात नेमबाजी क्लबाच्या सामन्यात त्याच्या गोळ्या सैरावैरा लागल्या. सगळे म्हणाले, म्हाताऱ्याचा हात कापतोय. लेकीनं पिस्तूल आणि घरच्या घरी पुंगळ्यांत दारू-गोळी घालून काडतुसं भरायचं यंत्र कपाटात कोंडलं. त्याच्याही आधी चुलीवर विसरलेलं कॉफीचं भांडं जळून कोळसा झालं होतं, तेव्हाच ती लिंकन शहरातलं बिऱ्हाड मोडून इथं आली होती.

"हात कापू देत, मी आहे," कपाटाला कुलूप लावताना ती म्हणाली होती. "पण पुन्हा असं विसरायला लागलात, तर हायवेवरच्या वृद्धाश्रमाशिवाय मला इलाज नाही."

मागच्या दारावर थाप पडली. शेजारचा मर्ल, क्लबातला जुना सोबती, कॉफीचा डबा घेऊन उभा.

"बाहेर ये, म्हाताऱ्या! बातमी आहे."

दोघं पायरीवर टेकले. मर्लनं डबा खुळखुळवला.

"कपाटाला कुलूप लागलं तेव्हा तू मला दिलेली तुझी काडतुसं. काल उडवली. माझ्याही गोळ्या आडव्या! निशाण्याच्या कागदाला गोल भोकं नाहीत, लांबट चिरा. आणि माझा हात दगडासारखा."

"दगडासारखं तुझं डोकं आहे."

"असू दे. पण दोष तुझ्या हाताचा नव्हता रे! चल, पोरीला सांगू आणि किल्ली घेऊ."

ऑर्वल उठला नाही. "गोळी सुटी करायचा हातोडा आणलायस?"

मर्लनं खिशातून पोकळ डोक्याचा हातोडा काढला. त्यात एक काडतूस बसवून ऑर्वलनं पायरीवर आपटलं, पुन्हा आपटलं. गोळी सुटून तळहातावर आली. तांबं लखलखत होतं, पण गोळीच्या कमरेभोवती सुरीनं कापल्यासारखी राखाडी रेघ. आतलं शिसं दिसत होतं.

जन्मभर त्यानं जाड कवचाच्या गोळ्या भरल्या. त्यांच्याभोवती पुंगळीचं तोंड घट्ट आवळलं तरी कवचाला काही होत नाही. मागच्या वर्षी स्वस्त म्हणून मुलाम्याच्या घेतल्या. त्यांच्यावरचं तांबं म्हणजे दुधावरची साय. जास्त आवळलं की फाटलीच, मग गोळी हवेत कोलांट्या खाते.

"कारखान्यानंच गंडवलं," मर्ल म्हणाला.

"तुला कुणी शिकवलं होतं, मुलाम्याची गोळी असली की यंत्र सैल करायचं?"

"तूच की." मर्लचं हसू मावळलं. "मग तूच विसरलास?"

ऑर्वलनं डब्यात डोकावून पाहिलं. आतल्या चिठ्ठीवरचं अक्षर त्याचंच, काडतुसं त्याचीच. पण ती भरायला आपण कधी बसलो, हे काही केल्या आठवेना.

दारामागे किल्ल्या वाजल्या. "थंडीत काय कुजबुज चाललीय?" जनेलचा आवाज आला.

ऑर्वलनं ती गोळी मर्लच्या खिशात सरकवली आणि त्याची बाही धरून ठेवली.

"मर्ल," तो हळूच म्हणाला, "तिला सांग, काडतुसं चांगली होती. माझा हातच कापत होता."