गाडीतलं औषध

आमच्या सरकारी दवाखान्यात औषधांच्या खिडकीमागे बसणारे गृहस्थ 'नाही' हा शब्द कधी वापरत नाहीत. इन्सुलिन संपलेलं असलं की चष्मा कपाळावर चढवून सांगतात, "हाय की! फकस्त अजून गाडीत हाय."

नगरला जाणारी एसटी दवाखान्यासमोरच थांबते. उतरायचं, रांग लावायची आणि रिकाम्या हाताने पुढच्या एसटीची वाट बघायची, हे म्हाताऱ्या पेशंटांना झेपत नाही. म्हणून औषध नसेल त्या दिवशी हे गृहस्थ स्वतः थांब्यावर येऊन दोन्ही हात हलवतात. म्हणजे उतरू नका, तसेच नगरच्या दवाखान्यात जा. आईचं इन्सुलिन घ्यायला एसटीने आलो, तेव्हा मला हे ठाऊक नव्हतं. मला वाटलं, आपली ओळख फारच वाढली. मीही हसून हात हलवला, आईला घेऊन उतरलो आणि एसटी गेली.

"आवो भाऊसाहेब, उतरू नका म्हनत हुतो!"

"ल्हानपनापासून असाच हाय त्यो," आई म्हणाली.

घरात तिचं इन्सुलिन जेमतेम उद्यापुरतं होतं. गृहस्थांनी नगरच्या खिडकीवर फोन करून एक बाटली बाजूला ठेवायला लावली. मग रस्त्यात आडवं उभं राहून नगरला निघालेला कांद्याचा टेम्पो थांबवला आणि आईला ड्रायव्हरशेजारी बसवलं.

"मावशी, औषध येईना गाडीतून, तर तुमीच जावा गाडीतून!"

आई खळखळून हसली. टेम्पो निघाला, तसे त्यांनी पुन्हा दोन्ही हात हलवले. बहुतेक निरोपच असावा. पण मी धोका पत्करला नाही. मागे कांद्याच्या गोण्यांवर घट्ट बसून राहिलो.