मागच्या पायरीवरची मगर

आमचे काका तीस वर्षं खाडीतून पाहुण्यांना होडीने फिरवतात. जुना पूल, दीपगृह, बदकांचं बेट आणि परतताना आमच्याच घराची मागची पायरी. तिथे काकू भांडी घासत बसलेली असते. पाहुणे हसून हात हलवतात, तीही हलवते. "किती चांगली माणसं येतात," म्हणते.

परवा गुडघा दुखत होता म्हणून ती बाजारातून पाहुण्यांसोबत त्याच होडीने घरी निघाली. पायरी रिकामी होती, पण काकांचं लक्ष वल्ह्याकडे आणि तोंड सवयीने चालू. "आता डावीकडे आमची मगर. तोंड कधी मिटत नाही, पण चावत नाही. हात हलवा."

काकूने रिकाम्या पायरीकडे बघून हात हलवला. उतरताना म्हणाली, "उद्यापासून भांड्यांना तुम्ही बसा. पाहुण्यांना काय सांगायचं ते मी बघते."