वधस्तंभावरच्या हाकेचा अर्थ

मला राग आहे. तो आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना कुणी माझ्याकडून गोड बोलण्याची अपेक्षा ठेवणार नाही.

शहापुरातल्या विणकराच्या घरातला मी पहिला बी. ए. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तरुणपणी प्रभूचा स्वीकार केला तेव्हा भाऊबंदांनी त्यांना वाळीत टाकलं. तरी मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसून त्यांनी मला कॉलेजपर्यंत पोचवलं. आणि शिकून मी काय केलं? त्यांच्या साध्या प्रार्थनेची मला लाज वाटू लागली. लष्करी कॅम्पातल्या एका निवृत्त साहेबांच्या बंगल्यावर दर गुरुवारी मंडळ जमे. शुभवर्तमानातल्या प्रत्येक गोष्टीचा तिथे गुप्त अर्थ निघे. गोठा म्हणजे हृदय, पाण्याचा द्राक्षारस म्हणजे मनाचं रूपांतर. देवानं आपल्याला सोडलं, अशी हाक प्रभूनं वधस्तंभावर मारली. साहेबांच्या मते ती वेदनेची नव्हेच. आत्म्यानं देहाची संगत टाकल्याची ती खूण, दीक्षेची शेवटची पायरी. हे फक्त अधिकारी माणसाला कळतं, असं म्हणताना ते माझ्याकडे बघत, आणि मी फुगत असे.

प्लेगच्या साली शहापूर ओस पडलं. आई आधीच वारली होती. आम्ही दोघं हिंडलग्याच्या वाटेवर, माळावर झोपडी घालून राहिलो. पाचव्या दिवशी आप्पांच्या काखेत गाठ आली, ताप चढला. दुपारी छपराकडे बघत ते म्हणाले, "देवा, मला टाकलास व्हय रं?"

आणि मी, त्यांच्या कपाळावरची पट्टी बदलायची सोडून, त्यांना समजावत बसलो. ती हाक दुःखाची नव्हे, तिचा आतला अर्थ निराळा, अशा वेळी साधकानं असं म्हणू नये. गुरुवारचं अख्खं व्याख्यान मी तापानं फणफणलेल्या बापाला ऐकवलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि कुडाकडे तोंड फिरवलं. मग दोन दिवस एक शब्द नाही, माझ्याशी नाही की देवाशी नाही. गाठीपेक्षा मला त्या गप्प राहण्याची भीती वाटू लागली. ते तसेच गेले असते, तर त्यांची शेवटची प्रार्थना मी अर्ध्यात तोडली, एवढंच माझ्या पदरी उरलं असतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या झोपडीतल्या म्हातारीला आप्पांकडे बघायला सांगून साहेबांच्या बंगल्यावर गेलो. मिशनच्या इस्पितळापर्यंत त्यांची घोडागाडी पाहिजे होती, दुसरं काही नको. बटलर माझा निरोप घेऊन आत गेला आणि परत येऊन त्यानं फाटकातूनच साहेबांची चिठ्ठी दिली. दुःख ही तुमच्या वडिलांच्या आत्म्याची वाट आहे, तिच्यात आपण हात घालू नये, असं लिहिलं होतं. गाडी समोर अंगणात उभी होती. घोडा चारा खात होता.

परतताना भर रस्त्यात मी मोठमोठ्यानं शिव्या देत चाललो होतो. बाजूनं बांबू भरलेली बैलगाडी येत होती. गाडीवान कणकुंबीकडचा, उतारवयाचा. त्यानं बैल थांबवले आणि माझ्या कोटाकडे बघत विचारलं, "कुणाला शिव्या द्यायलाईस, मास्तर?"

"देवाला."

"मग मला कशाला ऐकवतोस? त्येला सांग की."

मी चिडून काही बोलणार, तेवढ्यात तोच सांगू लागला. गेल्या साली त्याची बायको वारली होती. "देवीच्या म्होरं बसून चार दिस भांडलो. बायको परत न्हाय दिली तिनं. पण ऐकून घेतलं."

घरी काय झालंय ते मी सांगितलं. प्लेगचं नाव काढल्यावर दुसऱ्या कुणीही बैल पळवले असते. त्यानं बांबू रस्त्याच्या कडेला उतरवले, झोपडीपर्यंत आला, आप्पांना पायाकडून धरून माझ्याबरोबर उचललं आणि गाडीतल्या गवतावर निजवलं.

गाडी चढाला लागली आणि माझा बांध फुटला. व्याख्यानाची भाषा सुचलीच नाही. वर बघून मी घरच्या बोलीत ओरडलो, "ऐकतोस काय? ह्यो माणूस तुझ्यापायी जातीतनं उठला. जलमभर तुझं नाव घेत मागावर धोटा फेकला त्यानं. आन् आता तूच गप? मला तुझा अर्थ नको. मला माझा बाप पायजे."

गाडीवानानं मागे वळून पाहिलं नाही. आप्पांच्या अंगावरच्या कांबळ्याखाली हालचाल झाली.

"आमेन," आप्पा म्हणाले. मग त्यांनी पाणी मागितलं.

इस्पितळात ते सहा दिवस जगले. सहाही दिवस बोलत होते. मागावर अर्धवट राहिलेल्या लुगड्याबद्दल बोलले, आईबद्दल बोलले. एकदा मला म्हणाले, "आज गुरुवार न्हवं? जायाचं न्हाय?" आणि धाप लागेपर्यंत हसले. सातव्या दिवशी माझ्या हातात हात ठेवून गेले. जे मागितलं ते मिळालं नाही. पण ऐकणारा होता, आणि ते सहा दिवस त्यानंच दिले, याबद्दल मला शंका नाही. त्याच्यावर सोपवायचं म्हणजे आधी मन शांत करून, हात धुऊन जायचं, असं मी समजत होतो. आता जे असेल ते घेऊन जातो. बहुतेक वेळा रागच असतो.

त्या गाडीवानाचं नाव विचारायचं मला, एवढ्या शिकलेल्याला, सुचलं नाही. रोजच्या प्रार्थनेत 'कणकुंबीचा गाडीवान' एवढंच म्हणतो. ज्याला सांगतो त्याला नाव ठाऊक आहे. साहेबांसाठीही प्रार्थना करावी, असं आमचे पाळक म्हणतात. ते अजून जमलेलं नाही. तेही मी त्यालाच सांगून ठेवलं आहे.