पाळकांच्या घरातली काचेची पट्टी

देवाला आपलं ऐकायला वेळ असतो, यावर माझा फारसा भरवसा नव्हता. गावच्या भैरोबाला हात जोडायचो, पण परीक्षा आली की. त्यात यंदा नशिबी आलं पुण्यातलं एक जुनं चर्च. ते आणि शेजारचं पाळकसाहेबांचं घर टेपनं मोजायचं, आधीच्या सर्वेक्षणाच्या नकाशांशी ताडून बघायचं, हे आमच्या ऑफिसचं काम.

चर्च ठणठणीत निघालं. घराच्या झोपायच्या खोलीत मात्र छतापासून निघालेली भेग पार सागवानी कपाटामागे गेलेली. आमचे साहेब म्हणाले, "भिंत सरकतेय. घर रिकामं करायला सांगा, पाडावं लागेल." जुन्या नकाशातही भेग होती, तिच्यावर एक छोटा चौकोन काढलेला. मी म्हटलं, असेल बुजवलेला झरोका.

काकूंनी, म्हणजे पाळकसाहेबांच्या मिसेसनी, भिंतीवरनं नुसता हात फिरवला. मला ते बघवेना. मी चर्चमध्ये जाऊन मागच्या बाकावर बसलो. म्हटलं, येशूबाबा, मी तुमच्यातला नाही. पण ही दोघं तर तुमचीच आहेत. बघा काय ते.

काहीच झालं नाही. दुसऱ्या दिवशी सामान बांधायला मीच गेलो. काकू गप्प गप्प होत्या, म्हणून मी हात पसरून पाळकसाहेबांच्या आवाजात सुरू केलं, "प्रियजनहो, हे पातेलं मजबूत आहे, पण याचं झाकण कुठं आहे?" काकू खुदकन हसल्या. मागनं आवाज आला, "आवाज जमलाय. पण मी इतकं लांबवत नाही."

"लांबवता हो," काकू म्हणाल्या. "डाळ करपते माझी."

पाळकसाहेब हसले, बाह्या सरसावल्या. "चला, कपाट काढू. प्रभू म्हणतोय निघा, तर निघायचं."

तिघांनी मिळून कपाट ओढलं. मागे, बरोबर भेगेवर, काचेची एक पट्टी. दोन्ही टोकं चुन्यात घट्ट बसवलेली, वर धुळीचा थर. नकाशातला चौकोन तो हाच! फोन करून साहेबांना बोलावलं. त्यांनी बॅटरी मारून काच नीट न्याहाळली.

"पूर्वीच्या सर्वेवाल्यांनी लावलीय. भिंत हलली असती तर हिचे तुकडे झाले असते. ही तर अख्खी आहे. भेग कधीच थांबलीय, काकू. दुरुस्ती करू. बांधलेलं सामान सोडा."

काकू मटकन पलंगावर बसल्या आणि रडल्या. पाळकसाहेबांनी डोळे मिटले.

याला चमत्कार म्हणायचं का, मला नाही माहीत. कपाट कुणीही, कधीही सरकवलं असतं. पण सरकलं ते, ती दोघं हसत घर सोडायला तयार झाली तेव्हा. माझी हुशारी तर झरोक्यापाशीच अडकली होती. आपण टेप धरावी, मोजणारा वेगळा असतो, एवढं मला कळलं. त्याचे आभार मानताना मी नाव घेतलं नाही. ज्याचे असतील त्याला पोचले असतील.

कपाट परत लावायला गेलो तर काकूंनी अडवलं. त्या काचेसमोर त्यांनी खुर्ची ओढली आणि म्हणाल्या, "राहू दे. आता मी जरा इथंच बसते."