कोळशावरची फुंक

"तू फुंकायचं नाहीस. वसंत फुंकेल. तू बघायचं आणि लिहायचं."

प्रयोगशाळेत सगळ्यांसमोर सर मला म्हणाले. कोल्हापूरच्या कॉलेजात इंटर सायन्सला होतो. हातात अनोळखी क्षाराची पुडी. त्यात कोणता धातू, ते शोधायचं. कोळशाला खळगा पाडायचा, त्यात क्षार आणि सोडा घालायचा, पितळी फुंकणीनं दिव्याची ज्योत त्यावर फुंकायची. टेबलाला फुंकणी एकच. ती तोंडात जाते. आणि आमचं घर कातडी कमावून चपला करणाऱ्यांचं.

बाकीची पोरं एकमेकांची ओली फुंकणी पुसतही नव्हती. ती थुंकी चालत होती.

माझ्याच टेबलावरचा वसंत मन लावून कशाला फुंकेल? क्षार माझा. दोन फुंका मारल्या, कोळसा गरम असतानाच म्हणाला, "पिवळं आलंय. जस्त लिही." आणि कोळसा पाण्यात टाकला. जस्ताचा पिवळेपणा निवल्यावर जातो, शिशाचा राहतो. निवायची वाट कुणी बघितलीच नाही. मी जस्त लिहिलं.

सरांनी लाल रेघ मारली. "शिसं होतं. डोळे कुठं होते तुझे?"

पुढच्या तासाला नवी पुडी मिळाली. मी क्षार खळग्यात घातला आणि फुंकणी उचलली. सर धावत आले.

"ठेव खाली."

"सर, एक तर मला द्या, न्हाय तर ह्या टेबलावर कुणालाच देऊ नका."

"हा काय बाजार आहे घासाघीस करायला?"

"बाजार बरा की, सर. तिथं आमच्या हातची चप्पल सगळ्यांना चालती."

कुणीतरी हसलं. मी फुंकणी तोंडाला लावली. गाल दुखेपर्यंत फुंकलं. खळग्यात लाल कण चमकले. तांबं. माझ्या डोळ्यांनी बघितलेलं.

सरांनी ती फुंकणी चिमट्यात धरून खिडकीबाहेर फेकली. माफी मागेपर्यंत जर्नलवर सही नाही. सही नाही तर परीक्षा नाही.

बा म्हणाला, "माग की माफी. तोंड काय झिजतंय व्हय?"

मी सौदा करणारा माणूस. थोडं सोडतो, थोडं ओढतो. पण इथं सोडायचं काय? चूक माझी नव्हतीच. माफी मागितली नाही. वर्ष गेलं. त्याचा राग अजून आहे, आणि तो मी विझू देणार नाही.

पुढच्या वर्षी तीच प्रयोगशाळा, तेच सर. हजेरी व्हायच्या आधीच मी टेबलावरची फुंकणी उचलून तोंडात धरली. मग काढून म्हणालो, "फेकायची तर रोज एक फेका, सर. मी रोज येणार हाय."