विचारून पाठवलेला तांदूळ

डोणगावच्या बाजारात पोती शिवणारा तो माणूस दाभण दातांत धरूनच बोलायचा. समुद्राच्या लाटेनं दक्षिणेतली गावं वाहून गेली, तेव्हा तिथल्या कोळ्यांच्या मंडळाला पाठवायला आम्ही ज्वारी भरली. गावच्या मदत समितीचा चिटणीस मीच होतो.

"भाऊ, ज्वारी काऊन भरून राह्यले? थे लोक भाकर खातेत का? पयले त्यायले इचारा तं!"

मी त्याला झिडकारलं. त्यानंच कुणाकडून तरी मंडळाला कार्ड लिहून घेतलं. "तांदूळ हवा," असं उत्तर आलं. मग शिवलेली पोती उसवून, ज्वारी बदलून त्यानं तांदूळ भरला.

पुढं मंडळाचं पत्र आलं, "आम्हाला विचारलं फक्त तुम्हीच." सभेत ते वाचून मी म्हणालो, "मला वाटलं, विचारावं." सर्वांत जोरात टाळ्या त्यानंच वाजवल्या.

विचारलं त्यानं होतं. मी नाही.